चौक आधी, खोल्या मागाहून : घानातल्या कंपाउंड घरांची पाहणी

घानाच्या शहरांतलं सामान्य माणसाचं घर म्हणजे कंपाउंड हाउस. मधे उघडा चौक, तीन-चार बाजूंना एकेरी खोल्यांच्या ओळी, ओळींपुढे पडवी. एका खोलीत किंवा 'चेंबर अँड हॉल' म्हणतात तशा दोन खोल्यांत एक कुटुंब राहतं. 2010 च्या जनगणनेत देशातली निम्म्याहून जास्त कुटुंबं अशा घरांत राहत होती. तरीही परवडणाऱ्या घरांचे नवे नकाशे निघतात ते दोन बेडरूमच्या फ्लॅटचे. त्या फ्लॅटमध्ये फुफू (उकडलेल्या कंदांचा कुटून केलेला गोळा) कुठे कुटायचा, मयताला आलेली माणसं कुठे बसवायची, गावाहून आलेल्या भाच्याला कुठे झोपवायचं, याचं उत्तर नसतं. चौकात ते असतं. आक्रापासून उत्तरेला सिरिगूपर्यंत आणि परत कुमासीपर्यंतची ही पाहणी चौक कसा आखावा, कशानं बिघडतो आणि स्वस्तात कसा टिकतो एवढ्यापुरती आहे.

सोमवार : गा माशी, आक्रा

जेम्सटाउन आणि अशर टाउन मिळून गा माशी. ही गा लोकांची जुनी वस्ती. इथली मूळ रीत अशी की पुरुषांचं घर वेगळं आणि बायका-मुलांचं वेगळं. नवरा-बायको एका छपराखाली राहत नाहीत. संध्याकाळी नवऱ्याचं जेवण बायकोच्या घरून जातं. म्हणजे इथे घराचा एकक जोडपं नाही, एकेक प्रौढ माणूस आणि त्याची खोली आहे. नकाशात 'मास्टर बेडरूम' काढणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

घर घराण्याचं असतं आणि त्यावर सगळ्या वारसांचा हक्क असतो. दर पिढीला एक-दोन खोल्या लागतात आणि त्या चौकातच उठतात, कारण दुसरीकडे जागाच ठेवलेली नसते. अशा काही घरांत पूर्वीच्या चौकाची आता मीटर-सव्वामीटर रुंद बोळ झाली आहे. परिणाम एकामागून एक येतात. जुन्या खोलीची खिडकी नव्या भिंतीनं बुजते, चुलीचा धूर बाहेर पडत नाही, पावसाचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं, आजारी माणसाला झोपवून बाहेर काढता येत नाही. दोष लोकांचा नाही. पुढची खोली कुठे बांधायची हे पहिल्या नकाशानं सांगितलं नाही, तर ती चौकातच येणार. ओळींच्या मागे, कुंपणाच्या आत तीन-चार मीटरची पट्टी मोकळी ठेवली असती तर बहुतेक चौक वाचले असते.

चौक इथे कारखानाही आहे. केंकी करणाऱ्या बायका मका भिजवून, दळून, आंबवून, अर्धं पीठ शिजवून उरलेल्या कच्च्या पिठात मिसळतात. मग कणसाच्या सालीत गुंडाळून मोठ्या हंड्यात काही तास उकळतात. त्याला लागतं काय? तीन-चार हंड्यांची सलग चूल, तिच्यावर उंच आणि कडेनं उघडं छप्पर, लाकडाची थप्पी, आणि आंबलेल्या मक्याचं पाणी जायला नाली. मासे धुरवायच्या भट्ट्याही घराजवळच. आक्राच्याच चोरकोर या कोळीवाड्यात 1970 च्या सुमारास तिथल्या बायकांबरोबर सुधारलेली 'चोरकोर भट्टी' आता पश्चिम आफ्रिकाभर वापरतात. दोन कप्प्यांची ही मातीची आयताकृती भट्टी साधारण सव्वादोन मीटर लांब, मीटरभराहून थोडी रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच असते. वर जाळीच्या तळाच्या लाकडी चौकटी एकावर एक रचतात आणि त्या रचलेल्या चौकटीच धुराडं होतात. भट्टी वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायची. इथे वर्षातला बहुतेक काळ वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा भट्टी आणि चूल चौकाच्या पूर्व बाजूला. नकाशात हे उलटं झालं की सगळ्या खोल्या धुरानं भरतात आणि मग बायकांनाच धंदा बंद करायला सांगतात.

मंगळवार : टेमा मान्हेआन

टेमा बंदरासाठी जुनं कोळी गाव उठवलं आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी लोकांना इथे आणलं. आखणी मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या कार्यालयाची. सरळ रांगेत घरं न मांडता त्यांनी चौकाभोवती खोल्यांचे गट केले, आणि हा निर्णय बरोबरच होता. अडलं ते वाढीपाशी. आज मूळ खोल्या ओळखायला छपरांच्या रेषा बघाव्या लागतात, इतकी भर त्यांच्याभोवती पडली आहे. त्यातली जी भर बाहेरच्या बाजूला गेली ती घरं अजून श्वास घेतात, आत आलेली घुसमटली. सोमवारचाच धडा, फक्त इथे तो आखलेल्या वस्तीत दिसतो.

बुधवार : टामाले

टामाले उत्तरेत. विमानानं तासाभरात हवा बदलते. आक्राला पावसाचे दोन हंगाम, इथे एकच. मार्च-एप्रिलमध्ये पारा 38-40 पर्यंत चढतो, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडून हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा. इथल्या दागोंबा लोकांच्या घरात शिरताना आधी एक मोठी गोल खोली लागते, तिला 'झाँग' म्हणतात. पाहुण्याला तिथे थांबवतात, घरधनी तिथेच बसतो. तिच्यातून पार गेल्याशिवाय चौक दिसत नाही. आत प्रत्येक बायकोची स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र चूल, आणि खोल्यांना जोडणारी खांद्याएवढी भिंत. नवी सून आली की भिंतीचा एक तुकडा पाडून तिथे खोली उभी राहते. चौकाचं माप तेच राहतं, घर बाहेरच्या अंगानं वाढतं. समुद्रकाठच्या आखीव घरांना जे जमलं नाही ते इथे रीतीनंच होत आलं आहे.

आता गोल खोल्या कमी झाल्या, कारण पत्रा गोल छपरावर बसत नाही. चौकोनी खोली, वर पत्रा, आणि दुपारी आत बसवत नाही. पत्रा बदलणं परवडत नसेल तर तीन गोष्टी कराव्यात. पत्र्याखाली चटईचं किंवा प्लायचं छत घालून मधे निदान 30 सेंटिमीटर पोकळी ठेवावी. त्या पोकळीला दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीची भोकं द्यावीत, नाहीतर छत घालूनही उष्णता अडकून राहते. ईशान्येच्या भिंतीत खिडकी लहान आणि घट्ट लागणारी ठेवावी, नाहीतर हरमॅटनची धूळ अंथरुणात येते. उन्हाळ्यात लोक रात्री चौकातच झोपतात. त्यामुळे चौकाचा एक भाग, माणशी दोन चौरस मीटरच्या हिशेबानं, वीतभर उंच आणि घोटीव करणं हा इथे चैनीचा खर्च नाही.

गुरुवार : सिरिगू

बोलगाटांगाच्या पुढे, बुर्किना फासोच्या सीमेजवळ. इथल्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो बरेच फिरतात. पण बांधणाऱ्यानं आधी छत बघावं. काही खोल्यांवर मातीचं सपाट धाबं आहे आणि त्याचा भार भिंतीवर नाही. भिंतीला लागून आतून दोन फाट्यांचे लाकडी खांब पुरले आहेत, त्यांच्या बेचक्यात तुळया, तुळयांवर आडव्या काठ्या आणि त्यावर मातीचा थर. पावसात एखादी भिंत खचली तरी धाबं उभं राहतं आणि भिंत सवडीनं बांधता येते. हाच विचार पत्र्याच्या घरालाही लागू पडतो. खांबांवर छप्पर आधी उभारलं की खाली मातीची भिंत भर पावसाळ्यातही सुकत राहते.

या खांबांचा शत्रू वाळवी. ती जमिनीतून मातीच्या नळ्या करत चढते. नळ्या दिसाव्यात म्हणून खांब भिंतीत गाडत नाहीत, बोटभर सुटा ठेवतात. कुठे बिघडतं? दुरुस्तीच्या वेळी कुणी ती फट मातीनं भरतो आणि दोन-तीन वर्षांत खांब आतून पोकळ होतो. दुसरं बिघडण्याचं ठिकाण म्हणजे धाब्याची पन्हळ. ती भिंतीपासून हातभर तरी बाहेर आली पाहिजे. आखूड पन्हळीचं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि नेमकी तेवढीच भिंत चरासारखी कापली जाते. धाब्यावर धान्य वाळतं, गरम रात्री माणसं झोपतात, आणि वर जायला खाचा पाडलेला लाकडाचा ओंडका असतो.

भिंतीचं काम बायकांचं. सुगी संपल्यावर, कोरड्या दिवसांत, माती आणि शेणाचा लेप देतात. शेणानं सारवलेली भिंत मराठी घराला नवी नाही, पण पुढची पायरी वेगळी आहे. लेप ओलसर असतानाच लाल, काळा आणि पांढरा हे तीन मातीचे-दगडाचे रंग भरतात आणि गुळगुळीत गोट्यानं दाबून घोटतात. घोटल्यानं रंग लेपात बसतो आणि वरची छिद्रं मिटतात. शेवटी दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून काढलेलं तांबूस पाणी शिंपडतात किंवा फासतात. सुकल्यावर त्याचा चिकट, पाणी झटकणारा पापुद्रा होतो. काळी रेघ भिंतीवर नखानं ओढून पाहिली, रंग निघाला नाही. घोटणं राहून गेलेल्या कोपऱ्यात मात्र बोट लावताच पूड हाताला आली. लेप तोच, माती तीच, फरक फक्त गोट्याचा. सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा हे काम स्वस्त आहे. पण ते काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं आणि त्यासाठी घरातल्या चार-पाच बायका एका वेळी मोकळ्या असाव्या लागतात. शहरात भाडेकरूंच्या घरात हे गणित बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

शुक्रवार : टामाले ते कुमासी

जवळपास चारशे किलोमीटरचा रस्ता. किंताम्पोच्या आसपास झाडी दाट होत जाते आणि घरांची छपरं जास्त उतरती होतात.

शनिवार : कुमासी

शनिवार हा असांते लोकांचा मयताच्या विधींचा मोठा दिवस. काळ्या-लाल कपड्यांतली माणसं, भाड्यानं आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मांडव. एका खुर्चीला जाण्यायेण्याच्या वाटेसह पाऊण चौरस मीटर धरलं तर 12 × 12 मीटरच्या चौकात दीड-दोनशे माणसं बसतात. 6 × 6 च्या चौकात पन्नाससुद्धा नाहीत, मग मांडव रस्त्यावर जातो. चौकाचं माप ठरवायला हा एक दिवस पुरेसा आहे. बाळाला आठव्या दिवशी बाहेर आणून नाव ठेवतात, तेही चौकातच.

असांते समाजात वंश आईकडून चालतो. बरीच जोडपी लग्नानंतरही आपापल्या माहेरच्या घरात राहिली आहेत, आणि मुलं संध्याकाळी जेवणाची भांडी घेऊन वडिलांच्या घरी जातात. 1985 च्या वारसा कायद्यानं माणसानं स्वतः कमावलेल्या मालमत्तेत बायको-मुलांना वाटा दिला, पण घराण्याचं घर घराण्याकडेच राहतं. ते कुणी एकटा विकू शकत नाही, म्हणून कुणी बेघर होत नाही. आणि त्याच कारणानं गळकं छप्पर कुणी एकटा दुरुस्तही करत नाही. यावर उपाय नकाशातच करता येतो. एका ओळीतल्या दोन-तीन खोल्या पहिल्या दिवसापासून भाड्याच्या ठरवायच्या आणि त्यांचं भाडं फक्त दुरुस्तीला.

जुन्या भागातली घरं 'स्विश'ची, म्हणजे लाल मातीची. ओली माती तुडवून, तिचे गोळे हातानं थापून साधारण अर्धा मीटर उंचीचा एक थर चढवायचा, काही दिवस सुकू द्यायचा, मग पुढचा. जाडी 30 ते 45 सेंटिमीटर. भिंत शंभर वर्षं टिकू शकते, पण वरून सिमेंटचा गिलावा चढवला की त्रास सुरू होतो. माती ओलाव्यानं फुगते-आकसते, सिमेंट तसं हलत नाही. बारीक तडीतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि गिलावा पत्र्यासारखा सुटून पडतो. त्याच्यामागची माती तोवर भुसभुशीत झालेली असते. त्यापेक्षा जोत्यापासून 45 सेंटिमीटरपर्यंत सिमेंटचा किंवा दगडाचा पट्टा, त्यावर माती-चुन्याचा गिलावा, आणि छपराचा ओलांडा निदान 75 सेंटिमीटर.

कुमासीत घराचं वय ओळखायचं असेल तर दारापुढच्या पायऱ्या मोजाव्यात. बांधताना एकच पायरी असते. चौकातली आणि गल्लीतली माती दर पावसात वाहून जाते, मग दुसरी पायरी येते, मग तिसरी. तीन पायऱ्या म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर जमीन गेली आणि पाया उघडा पडला. काही ठिकाणी पायाखालून हात जातो. खोल्यांवर खर्च करणारा मालक चौकाच्या फरशीला 'मागाहून बघू' म्हणतो, आणि घर पडतं ते तिथूनच.

संडासाचा प्रश्नही चौकाचाच आहे. कुमासीच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात विकसित झालेला दोन खड्ड्यांचा वायुवीजित संडास 'केव्हीआयपी' म्हणून देशभर गेला. एक खड्डा दोन वर्षं वापरायचा, भरला की बंद करून दुसरा. दोन वर्षांत पहिल्यातला मैला निर्धोक माती होतो आणि फावड्यानं काढता येतो. माणशी वर्षाला 0.06 घनमीटर धरला तर 25 माणसांना दोन वर्षांसाठी 3 घनमीटर. खड्डा 1.2 × 1.5 मीटर घेतला तर 1.7 मीटर खोली, आणि वर अर्धा मीटर मोकळा. वायुनळी 150 मिलिमीटरची, छपरापेक्षा अर्धा मीटर उंच, तोंडाला जाळी. नळीवरून वारा वाहिला की खड्ड्यातली हवा वर ओढली जाते. संडासाची खोली अंधारी असल्यानं माश्या नळीतल्या उजेडाकडे जाऊन जाळीत अडकतात. म्हणून दार वाऱ्याच्या दिशेला हवं आणि खोलीत मोठी खिडकी नको. बिघाड नेहमीचे दोन: साधी लोखंडी जाळी वर्षभरात गंजून जाते, आणि गर्दी वाढली की दोन्ही खड्डे एकदम वापरायला काढतात. मग विश्रांतीचा खड्डाच उरत नाही आणि ताजा मैला उपसावा लागतो.

रविवार : बेसेसे

कुमासीच्या पूर्वेला एजिसूजवळचं हे देवघर, 1980 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या असांते इमारतींपैकी एक. चौकाभोवती चार दालनं. तीन चौकाकडे पूर्ण उघडी, वाद्यं, गायक आणि स्वयंपाकासाठी; चौथं देवाचं, बंद. जोती उंच, भिंतींचा खालचा भाग लाल मातीनं घोटलेला आणि नक्षीचा, वरचा पांढरा. घासून आणि शिंतोड्यांनी खराब होतो तो खालचाच भाग, आणि दरवेळी तेवढाच पुन्हा घोटायचा. पुढून उघड्या दालनाला 'पातो' म्हणतात. नव्या घरात प्रत्येक ओळीत एक खोली अशी पुढच्या भिंतीशिवाय ठेवली तर शिवणयंत्र, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची बैठक तिथे होते. एक भिंत, दार आणि खिडकी वाचते ते वेगळंच.

वाटेत फुमेसुआला इमारत आणि रस्ते संशोधन संस्था आहे. भाजलेल्या मातीची पोझोलाना पूड सिमेंटमध्ये मिसळण्याचं काम तिथे झालं. गिलावा आणि जोडकामात सिमेंटचा 30 टक्क्यांपर्यंत भाग अशा पुडीनं बदलता येतो. मात्र ती सावकाश धरते. पाणी मारणं तीन दिवसांत थांबवलं तर वरचा थर पिठासारखा झडतो.

सोमवार : कुमासीच्या बाहेर, नव्या प्लॉटवर

प्लॉट 100 × 100 फूट, इथला नेहमीचा. चौक 12 × 12 मीटर. त्याभोवती 1.5 मीटरची पडवी आणि 3.6 मीटरच्या खोल्या. उत्तरेला पाच, दक्षिणेला पाच, पश्चिमेला तीन. कोपरे खोल्यांनी भरायचे नाहीत. नैर्ऋत्य कोपरा वाऱ्यासाठी उघडा. पूर्वेला मधे फाटक, आग्नेयेला चुलींची शेड, ईशान्येला संडास. संडासाचं दार नैर्ऋत्येला म्हणजे चौकाकडे येतं, म्हणून पुढे आडोशाची भिंत. चारही बाजूंना कुंपणापर्यंत सुमारे चार मीटर उरतात, पुढच्या पिढीच्या खोल्या तिथे. विहीर असेल तर संडासाच्या खड्ड्यापासून 30 मीटर लांब, आणि त्यात शेजाऱ्याची विहीरही धरायची.

पहिल्या हप्त्यात काय बांधायचं? चौकाची पातळी, नाली आणि संडासाचे खड्डे. मग दोन खोल्या. पाण्याच्या नळीनं पातळी घेऊन चौकाला 60 ला 1 उतार द्यायचा, म्हणजे 12 मीटरला 20 सेंटिमीटर. जोतं चौकाच्या वरच्या टोकापासून 45 सेंटिमीटर उंच. पाण्याच्या हिशेबानं 15 सेंटिमीटर रुंदीची नाली पुरते, पण पिण्याच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक पिशव्या तिच्यात अडकतात. 30 सेंटिमीटर रुंद ठेवावी, झाडू आत गेला पाहिजे, आणि वर सुटी झाकणं. फुफूच्या उखळाची जागा भिंतीपासून दोन मीटर दूर, दाबलेल्या खडीवर 15 सेंटिमीटर काँक्रीट. भिंतीलगत कुटलं की गिलावा सुटतो.

सिमेंट-वाळूचे ठोकळे सहा इंची, 18 × 9 इंच दर्शनी. एका ठोकळ्याला जवळजवळ 16 लिटर मिश्रण लागतं. 50 किलोच्या पोत्यातून 1:8 प्रमाणानं पंधरा-सोळा भरीव ठोकळे निघतात. कुणी एका पोत्यात तीस काढून दाखवत असेल तर त्यानं सिमेंट निम्म्यावर आणलं आहे. असा ठोकळा खिळ्यानं खोलवर ओरखडतो आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटतो. ओळीतल्या एका खोलीला, सामाईक भिंत एकदाच धरून आणि तूटफूट मिळवून, सुमारे 255 ठोकळे लागतात.

पुढची खोली कधी येईल सांगता येत नाही, म्हणून काही जण शेवटच्या भिंतीत ठोकळ्यांचे दात सोडून ठेवतात. ते करू नये. नवा पाया खचतो, जुना खचून झालेला असतो, आणि दातांच्या जोडावरच भेग येते. सरळ उभा सांधा ठेवावा आणि दोन्ही खोल्या फक्त वरच्या पट्ट्याच्या सळयांनी जोडाव्यात. उघड्या राहणाऱ्या सळयांवर हलकं काँक्रीट ओतून ठेवावं. छपराला वावा नावाच्या झाडाचं लाकूड स्वस्त पडतं, पण ते औषध पाजल्याशिवाय वापरू नये.

वीज आणि पाणी. एकाच मीटरवर दहा कुटुंबं आली की सगळ्यांचा वापर मिळून वरच्या दराच्या टप्प्यात जातो, आणि गरीब माणूस एकट्या बंगल्यातल्यापेक्षा महाग पाणी पितो. भांडणं होतात ती वेगळी. म्हणून फाटकाजवळ मीटरची भिंत आधीच बांधून तिथून प्रत्येक खोलीच्या जागेपर्यंत रिकामी नळी टाकावी, अजून न बांधलेल्या खोल्यांच्या जागेपर्यंतसुद्धा. नळी चौकाची फरशी ओतण्याआधी पडली पाहिजे. तिच्यात एक तार सोडून ठेवावी, दोन्ही तोंडं बुचानं बंद करावीत आणि ती कुठून गेली याची खूण जोत्यावर कोरून ठेवावी.